मीठ तुडवण्याची परवानगी मागणारे पत्र

ती. अक्का,

गुरुनाथचा एनस्खेडेहून साष्टांग नमस्कार. हा शब्द मी आजवर नुसता सवयीने लिहीत आलो; या महिन्यात मात्र तो प्रत्यक्ष घातला, तोही भर रस्त्याच्या कडेला, पालथा, हात पुढे, नाक बर्फाला लावून. पडल्या पडल्या दिशा पाहिली तर साधारण आग्नेय निघाली, म्हणजे कराडच्याच बाजूची. तेव्हा या वेळचा नमस्कार कोरडा समजू नये.

तुझी तब्येत विचारायची तर हल्ली वृंदाला विचारावी लागते. तू फोनवर "बरी आहे रे" म्हणतेस आणि फोन सुनेच्या हातात देतेस. व्हिडिओ लावला तर मला तुझ्या खोलीतला पंखा दिसतो. (पंखा पुसायला झालाय.) पडल्यानंतरचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, चहा पिऊन जातात, आणि तू पलंगावरून उतरत नाहीस. वॉकरवर टॉवेल वाळत असतात असंही कळलं. वृंदावर रागावू नकोस, तिने चहाडी केली नाही, मी खोदून खोदून विचारलं. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले की आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणं कठीण आहे. हे तुला घरात कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू पुन्हा पंखा दाखवला असतास, म्हणून पत्र.

मी पडल्याचं कळल्यावर तू वृंदाकरवी निरोप धाडलास, की या वयात बर्फावर पळायची अवदसा त्याला कुठून आठवली. प्रश्न रास्त आहे. माझ्या रक्तातली साखर वाढली, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला धम्मदीपा राहायला आली, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. धम्मदीपा नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, पण दरारा थेट तुझ्यासारखा. दर रविवारी सकाळी ती मला कालव्याकाठी पळायला नेते. थंडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. तर तिने मला दारात उभं करून सगळं समजावलं. बर्फावर पाऊल छोटं टाकायचं, आणि टाच पुढे फेकायची नाही, अख्खा तळवा अंगाच्या बरोबर खाली टेकवायचा. गुडघे सैल. हात खिशात घालायचे नाहीत. वेग विसरून जायचा. ताज्या भुसभुशीत हिमावर पाय धरतो, तुडवून गुळगुळीत झालेल्यावर धरत नाही. आणि जिथे डांबर नुसतं काळं, ओलं चमकताना दिसतं तिथे पाऊलच टाकायचं नाही, कारण ते ओलं नसतं, तोही बर्फच असतो. अशा दिवशी सायकलच्या रस्त्याच्या कडेकडेने जायचं (सायकलवाले घंटी वाजवतात, पण समजून घेतात), कारण तिथे खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी पहाटेच मीठ टाकून गेलेली असते. मिठाने बर्फ वितळतो.

मी हे सगळं हसून ऐकलं. तुला ठाऊकच आहे की घर्षण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. एका पृष्ठभागावरून दुसरा किती घसरतो हे मी इथल्या विद्यापीठात कित्येक वर्षं मोजत आलोय. (तू शेजारी सांगतेस की गुरू तिकडे घासण्याच्या कामावर आहे. तत्त्वतः बरोबर आहे, पण लोकांना भांडी वाटतात.) उलट मीच तिला कालव्यापर्यंत बर्फाच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर या विषयावर ऐकवत गेलो. त्या रविवारी रात्रीचा पाऊस जमिनीवर गोठला होता. झाडं, कुंपणं, लोकांच्या सायकली, सगळ्यावर काचेचा मुलामा दिल्यासारखं झालं होतं. आम्ही छोटी छोटी पावलं टाकत, शाळेच्या कवायतीतल्या मुलांसारखे, नीट चाललो होतो. धोका काहीच नव्हता. मग थोडं उजाडलं आणि मी खाली बघितलं.

अक्का, रस्ताभर मीठ होतं. चांगलं जाडं, खडे असलेलं, आपल्या चिनीमातीच्या बरणीत असायचं तसं. पायाखाली कुरकुरत होतं. मी लहान असताना बरणी लवंडली होती आणि मी मिठावरून चालत तुझ्याकडे आलो होतो, ते तुला आठवत नसेल. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, घर तूच सांभाळत होतीस. तू मला उचलून बाजूला ठेवलंस, माझे तळवे पदराने पुसलेस, आणि म्हणालीस की मीठ पायाखाली तुडवणाऱ्याला देवाच्या घरी ते पापण्यांनी वेचावं लागतं. मी त्या रात्री पापण्यांनी काय काय उचलता येतं ते करून पाहिलं होतं. पुढे शिकलो, देश सोडला, देवाच्या घराबद्दल फारशी खात्री राहिली नाही, पण पाय काही शिकलेले नसतात. धम्मदीपाला काही कळायच्या आत मी मीठ सोडून बाजूला झालो, जिथे मिठाचा एक कण नव्हता, नुसतं काळं, ओलं, चमकणारं डांबर होतं.

पुढचं वर आलंच आहे. मनगट मुरगळलं. नमस्कार आटोपून उठायला गेलो तर पुन्हा घसरलो आणि या खेपेला माकडहाडावर आपटलो. धम्मदीपाने हात दिला नाही, आधी स्वतःचे पाय मिठावर पक्के केले, मग जाकीट काढून त्याची बाही माझ्याकडे फेकली आणि तिला धरून मला ओढून घेतलं. "सर, चांगला रस्ता सोडून तिकडे कायले गेले तुम्ही?" तिने विचारलं. मी म्हटलं, मीठ होतं. तिने जाकीट झटकून पुन्हा अंगात घातलं. मग म्हणाली की तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, तिच्या आईवडिलांचाही नव्हता, पण घरात मीठ सांडलं तर ती कोणाचा पाय पडायच्या आत पुसून घेते, आणि हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या स्वानंदीला मात्र यातलं काही पटलं नाही. "बाबा, दॅट्स नॉट इव्हन फूड," एवढं म्हणून ती कॉलेजला गेली. डॉक्टरांनी मनगट हलवून पाहिलं, पॅरासिटामॉल घ्या म्हणाले, आणि हिंडतं फिरतं राहा म्हणाले. डॉक्टर जगभर एकच गोष्ट सांगतात असं दिसतं.

आता माझं उत्तम आहे. बुटांवर ओढून बसवायचे रबरी पट्टे मागवलेत, त्यांना खालून बारीक टोकं असतात; बैलाच्या खुरांना लोखंडी पत्री मारतात तसाच प्रकार, फक्त मला आडवं पाडावं लागत नाही. ते घालून छोटं पाऊल टाकलं की बर्फावर माणूस इतका निर्धास्त पळतो की विचारू नकोस. भीती ही पहिल्या चार पावलांचीच असते, पुढे पाय आपोआप वाट काढतात. हे तुलाही लागू आहे. एकदा पडलेलं माणूस दुसऱ्यांदा जास्त जपून चालतं, म्हणून तेच खरं सुरक्षित असतं. यावर शांतपणे विचार करावा.

तुझी भावजय चैत्राली नमस्कार सांगते. वृंदाला आशीर्वाद. औषधं वेळेवर घेणे.

तुझा,
गुरू

ता. क. अक्का, वर पट्ट्यांचं लिहिलंय ते खरं आहे, पळण्याचं नाही. पट्टे अजून खोक्यात आहेत. पडल्यावर डॉक्टरांकडे गेलो तेवढाच, पुढे मी घराबाहेर गेलो नाही. ऑफिसचं काम घरून करतो, धम्मदीपाला सर्दी झाली म्हणून सांगतो, आणि काल कचरा टाकायलाही स्वानंदीला पाठवलं. दार उघडलं की समोरच्या रस्त्यावर मीठ दिसतं आणि त्याच्या बाजूला ते चमकणारं डांबर, आणि मला दोन्हींची भीती वाटते. निर्धास्तपणाबद्दल जे लिहिलं ते तू वाचशील म्हणून लिहिलं. तू पलंगावर का बसून आहेस ते मला या महिन्यात कळलं.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच आहे. मला मीठ तुडवायची परवानगी हवी आहे, आणि ती तुझ्याखेरीज कोणी देऊ शकत नाही. तोंडी चालणार नाही. वॉकरवरचे टॉवेल काढ, वृंदाला शेजारी उभी कर, आणि छोटी छोटी पावलं टाकत स्वयंपाकघरात जा. बरणीतलं मीठ चिमूटभर घेऊन जमिनीवर टाक (चिमूटभरच, जास्त टाकलंस तर पाय घसरेल, हे मी व्यवसायाने सांगतोय) आणि त्यावर पाय ठेव. मग मला फोन कर, पंखा न दाखवता. त्याच दिवशी मी पट्टे घालून बाहेर पडतो. देवाच्या घरी ते वेचायची वेळ आलीच तर काळजी करू नकोस. तुझ्या पापण्या आता विरळ झाल्या असतील, माझ्या अजून दाट आहेत. तुझ्या वाटचंही मी वेचीन.