कलगोंडाचं बोट

गुरुवार, १५ सप्टेंबर १९३८, बेळगाव

कलगोंडा दीक्षा घेणार. दसऱ्याला, निपाणीत. त्याचा धाकटा भाऊ भुजबली आज छापखान्यात येऊन स्वतः सांगून गेला. "आण्णांचं ठरलंय. घरच्यांची संमती हाय. चार ओळी येऊ द्यात तुमच्या पेपरात."

वीस वर्षांची मैत्री. घर सोडणार, तंबाखूची वखार सोडणार, पुढं अंगावरचं वस्त्रही सोडणार — आणि मला कळतं भावाकडून!

गेल्या शनिवारी आला होता. पर्वाचे उपास संपले की जैन लोक सगळ्यांची क्षमा मागतात. हाही दरवर्षी माझ्यापुढं हात जोडतो आणि हसतो. यंदा हसला नाही. म्हणाला, "तुझी न्हाय, माशांची मागतोय. तुमी दोघांनी मारलं. मी दाखवलं."

मी थट्टेवारी नेलं.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

मजकूर लिहून खिळे जुळवणाऱ्या गुंडूच्या हातात दिला. बावीस ओळी. 'निपाणीचे प्रतिष्ठित व्यापारी...' वगैरे. ज्याची बातमी त्यालाच विचारायचं, ही माझी रीत. इतक्या वर्षांत मोडली नाही. आज मोडली. कलगोंडा उद्या सकाळी भेटणारच आहे. पण आठवड्याच्या अंकाची जुळणी आजच व्हायला हवी — हे मी गुंडूला सांगितलं. खरं असं की विचारायची भीती वाटली. 'हो' म्हणाला असता तर?

तारामतीवहिनींनाही विचारलं नाही. बायकोच्या होकाराशिवाय दीक्षा होत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे.

शनिवार, १७ सप्टेंबर, खानापूर

सकाळच्या गाडीनं तिघं आलो. मी, कलगोंडा आणि शहापूरचा विणकर यल्लाप्पा. यल्लाप्पा माग सोडून वर्षातनं दोनच दिवस बाहेर पडतो. भादवा सरत आला की हे तळं. पितृपक्ष चालू आहे, त्याचं त्याला काही नाही. "माझ्या बापालाबी मासळी लई आवडायची. त्याच्याच नावानं खातो."

कलगोंडा गळाला कधी हात लावत नाही. डाळभात आपला आपण शिजवतो, ऊन असेतो जेवतो, आणि काठावर बसतो. पाण्यावरची सुरकुती बघून त्याला मरळ कुठं आहे ते कळतं. बोट करतो. आम्ही तिथं गळ टाकायचा. चुकल्याचं आठवत नाही.

आज बोट नाही. हात मांडीखाली दाबून बसला.

"काय रं, पाणी फडक्यातनं गाळून पितोस," यल्लाप्पा म्हणाला, "आन् वीस वरसं आमाला मासं दाखवलंस. आत्ताच का पाप लागाय लागलं?"

"आदीबी लागतच हुतं. करणारा, करवणारा, बरं म्हणणारा — तिघांचा हिशेब सारखाच. मला उशिरा कळलं."

"मग येतोस कशाला?"

"तुमी असताय म्हणून."

दुपारपर्यंत एक मासा नाही. चार वाजता अंक यंत्रावर चढतो. खानापूर स्टेशनात तारघर आहे, इथून दीड कोस. एकच वाक्य विचारायचं आणि ठरलं नसेल तर 'छापू नका' अशी तार करायला चालत सुटायचं!

एक वाजता म्हटलं, "कलगोंडा..."

"काय रं?"

"ऊन लागत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

दोन वाजता पुन्हा तोंड उघडलं. यल्लाप्पा म्हणाला, "ह्येलाबी सावलीत बसवा. सारखा घड्याळ बघतोय."

चार वाजले.

रविवार, १८ सप्टेंबर, तळ्यावर

सकाळी धुकं होतं. ते उठलं आणि लव्हाळ्याच्या कडेला पाणी जरासं हललं. मी पाहिलं नाही, यल्लाप्पानं पाहिलं नाही. कलगोंडाचा हात आपोआप वर गेला. बोट सरळ. यल्लाप्पानं तिथं गळ टाकला आणि हातभर लांबीची मरळ काढली. खूश होऊन ओरडला, "आला रं आला, आमचा कलगोंडा परत आला!"

कलगोंडा आपल्या हाताकडं बघत होता. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

बऱ्याच वेळानं माझ्याजवळ येऊन बसला. "घरात बोललोतो, दीक्षा घ्यावी वाटतंय म्हणून. पण बघितलंस न्हवं? हात अजून घरातच हाय. एक वरीस थांबतो. लेकीचं, ब्राह्मीचं लगीन होऊ दे. तारामतीबी लई रडलीया."

"ठरलं होतं का?"

"ठरलं असतं तर तुला पैला सांगितलो नसतो?"

बावीस ओळी. काल संध्याकाळीच टपालात पडल्या. मी गळ धरून बसलो. आमिष कधीच निघून गेलं होतं, यल्लाप्पानं सांगितल्यावर कळलं.

सोमवार, १९ सप्टेंबर, बेळगाव

मोटार स्टँडावर अंक त्याच्या हातात दिला. उभ्या उभ्या वाचला. घडी घातली.

"भुजबलीनं सांगितलं व्हय?"

"हो. पण लिहिलं मी. तुला विचारलं नाही. परवा दिवसभर शेजारी होतास, तरी विचारलं नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "अक्षर झ्याक उठलंय."

"दुरुस्ती छापतो. चूक आमची, असं लिहितो."

"छाप."

बुधवार, २१ सप्टेंबर

निपाणीहून कार्ड आलं. कलगोंडाचंच. चिकोडीकडून गाड्या भरून माणसं येताहेत. पाया पडताहेत. कुणी नारळ ठेवतं, कुणी लेकरू पायावर घालतं. 'नाही म्हणून सांगतो. कोणी ऐकत नाही. पेपरात आले आहे म्हणतात.' भुजबली मिरवणुकीचा हत्ती बघायला गेला आहे. खाली एकच ओळ: 'दुरुस्ती मोठ्या अक्षरात घाल.'

घालतो. पहिल्या पानावर.

गुरुवार, २२ सप्टेंबर

झोप नाही. दुरुस्ती सहा वेळा लिहिली. शेवटी चार ओळी उरल्या.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

गुंडूनं चार ओळी जुळवल्या. सगळ्यात मोठा टाइप. प्रूफ मी स्वतः वाचलं. उद्या चारला यंत्रावर. आता जरा बरं वाटतं.

शनिवार, २४ सप्टेंबर

दुपारी दीड वाजता तारामतीवहिनी छापखान्यात आल्या. सकाळच्या मोटारीनं, ब्राह्मीला घेऊन. बसल्या नाहीत.

"ते छापू नगासा. हे एक वरीस थांबतो म्हणत्यात. वरीसभर मी काय करू? रोज त्यांच्या हाताकडं बघत बसू — आज ह्यो घरात हाय, का गेला? मी एकदा रडलोय. फिरून फिरून न्हाय रडणार. काल रातीला मीच हू म्हटलं त्यांना."

ब्राह्मी खिडकीकडं तोंड करून उभी होती.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"तुमास्नी आन् यल्लाप्पांना दसऱ्याला बोलीवलंय."

या खेपेला बातमी जिचा होकार लागतो तिनंच सांगितली. गुंडूनं चार ओळी सोडवून खिळे खणात परत टाकले.

दसरा सोमवारी, तीन तारखेला. पहाटेची मोटार. यल्लाप्पा म्हणतो, मी काही येणार नाही.

येईल.