गोट्या पुरणारी पिल्लं

प्रिय आई,

आधी गॅस बंद कर, चष्मा लाव आणि मगच वाच. मला इतकं काही सांगायचंय की अक्षर नुसतं पळतंय. काल आमच्या प्रयोगाचा निकाल लागला!

फोनवर मी तुला नेहमी ‘उंदरांचं काहीतरी चालू आहे’ एवढंच सांगत आले. आज नीट सांगते. गाभण उंदरिणींना आम्ही एक औषध टोचतो. त्यात जंतू नसतात, पण अंगाला वाटतं की जंतू शिरले, आणि ते लढायला उठतं. पुढे पिल्लं मोठी झाली की ती कशी वागतात ते बघायचं. पिंजऱ्यात भुशावर काचेच्या गोट्या मांडायच्या. बहुतेक उंदीर थोड्या पुरतात, काही मात्र सगळ्या दिसेनाशा होईपर्यंत पुरतच सुटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं. आपला दादा सगळ्यांच्या चपला पलंगाखाली ओळीनं लावायचा आणि बाबा ऑफिसच्या वेळेला घरभर शोधत फिरायचे, आठवतं ना? आता तोच दादा वाचनालयात पुस्तकं लावतो आणि लोकांच्या चुका काढतो.

कोणतं पिल्लू कोणत्या आईचं, हे आम्हा बघणाऱ्यांना मुद्दाम सांगत नाहीत. पण मी पडले दादाची बहीण! मला नुसतं बघून कळेल, असं छातीठोकपणे सांगून मी सरांशी कॉफीची पैज लावली. एक तुडतुड्या तर इतका कामसू, की मी डोळे झाकून म्हटलं, हा आजारी आईचा. काल खुणा जुळवल्या आणि माझी अशी फजिती झाली म्हणून सांगू! तुडतुड्या ठणठणीत आईचा निघाला. आणि गोट्यांवर तंगड्या पसरून झोपणारा एक आळशी होता, तो आजारी आईचा. माझे अंदाज धडाधड चुकले. सगळी पिल्लं एकत्र मोजली तर आजारी आयांची पिल्लं जास्त गोट्या पुरतात, नक्की पुरतात. पण एकेकाकडे बोट दाखवून ‘हे आईच्या आजारपणामुळे’ असं कुणालाच म्हणता येत नाही. मलासुद्धा नाही! सर मिटक्या मारत कॉफी पीत होते आणि मी हरल्याच्या आनंदात नाचत होते.

अजून ऐक. काही उंदरिणींना आम्ही दुसरंही एक औषध दिलं होतं. लढताना अंगात जे द्रव्य तयार होतं, ते हे औषध अडवतं. त्यांच्या पिल्लांनी ठणठणीत आयांच्या पिल्लांसारख्या थोड्याच गोट्या पुरल्या! म्हणजे आईच्या अंगातली लढाई पोटातल्या मेंदूपर्यंत पोचते, पण ती वाट अडवता येते. माणसांसाठी हे व्हायला अजून पुष्कळ वेळ आहे, तू हुरळून जाऊ नकोस. ते काम मी करतेच आहे.

दादा पोटात असताना तुला ताप आला होता. त्या तापात तू कामावर गेलीस, हे आत्या आजही बोलून दाखवते आणि तू मुकाट्यानं ऐकून घेतेस. आई, तो ताप तू काही हौसेनं आणला नव्हतास. दादा स्वमग्न आहे तो त्या तापामुळे की आणखी कशामुळे, हे तुला, मला, कुणालाच सांगता येणार नाही. आत्याला तर मुळीच नाही, तिला खुशाल माझं नाव सांग.

आता मुद्द्याचं. तू आजी होणार आहेस! चौथा महिना चालू आहे. पहिले तीन नीट गेले की कळवायचं ठरवलं होतं, आणि नेमका मला सणकून ताप आला. आता उतरलाय, तपासण्या नीट आहेत. ताप येऊन गेलेल्या बहुतेक आयांची मुलं व्यवस्थित असतात, असं डॉक्टरीणबाई सांगतात. पण तुला कळलं असतं की जुनं सगळं पुन्हा उकरून रडत बसली असतीस, म्हणून आधी उंदीर सांगितले. अंथरुणात पडल्या पडल्या मी स्वतःला विचारलं, बाळ दादासारखं झालं तर? आणि खरं सांगते, मला भीती वाटेना. मिक्सर लावायच्या आधी तू दादासमोर जाऊन बसायचीस. कितीही घाई असो, तो कानांवर हात ठेवून मान हलवेपर्यंत बटणाला हात लावायची नाहीस. तुझं पाहून पाहून मला ते सगळं येतं. दादाला रजा टाकायला लाव आणि दोघंही या. बाळ कसंही असो, त्याची आई तुझ्यासारखीच असणार आहे.

तुझीच,
बडबडी