शनिवारच्या पानाचे शुभेच्छुक

१२ जाने. २००२, शनिवार. केज
या आठवड्याचं पान इंटरनेटवर चढवलं. अर्ध्यात लाइन तुटली, परत पहिल्यापासून. सप्टेंबरपासून एकही शनिवार चुकलेला नाही. खाली नेहमीची सही: शि.
सापडलेलं: परदेशातल्या एका माणसाने घरासमोरच्या चौकाचा रोज एक फोटो टाकलाय. काही घडत नाही. एका फोटोत कुत्रं आहे. मी सगळे बघितले.
खेळ: सुरुंगांचा, जो प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीच असतो. मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासची मुलं नुसती क्लिक करत सुटतात आणि सुरुंग फुटला की मशीनला शिव्या देतात. चौकोनातले आकडे वाचायचे असतात, हे चित्र काढून समजावलं.
कुरकुर: माउसच्या पोटातले गोळे पुन्हा चोरीला गेले. गोट्या खेळायला जड आणि छान पडतात म्हणे. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, आणि संध्याकाळी एकेक माउस उलटा करून पोट तपासते.

१४ जाने.
संक्रांत. क्लास अर्धा दिवस. केज–अंबाजोगाई जीपवाल्या रशीदभाईंना नवी कॅसेट दिली. गाणी नेटवरून उतरवलेली, क्रम माझा. युसूफ वडगावच्या आधी रस्ता उखडलाय, तिथे संथ गझल येते. खड्डे संपले की कव्वाली, टाळ्यांची.
तिळगूळ तोंडात टाकत रशीदभाई: "ताई, गेल्या टेपेत एक गडबड झालती. कव्वाली खड्ड्यात लागली. मागची मावशी म्हणली, ड्रायव्हर, टाळ्या बंद कर, कंबर मोडली."
"तुम्ही हळू चालवली असेल."
"ऊसाचे टॅक्टर होते म्होरं. त्येला मी काय करू?"
बरोबर आहे. जानेवारीत ऊसवाहतूक धरायला हवी. ब बाजू बदलेन. पानावरच्या 'कुरकुर'मध्येही घेईन.

१९ जाने., शनिवार
पान चढवलं. कुरकुर आज मोठी आहे, पण हिशोबाने लिहिली: परळीच्या मावशीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर औष्णिक केंद्राची राख पडते, आणि तिथून जवळच्या केजात दुपारभर भारनियमन. राख इथली, वीज कुणाची?
पानाच्या गेस्टबुकात, वाचक अभिप्राय लिहितात तिथे, यावर बरीच मंडळी बोलली. लातूरचा कुणी मेकॅनिक. पुण्यात शिकणारी धारूरची मुलं. शारजात नर्स असलेल्या परळीच्या सुनंदाताई नेहमी लिहितात: "शि. भाऊ, दर शनिवारी ड्यूटी संपली की आधी तुमचं पान. राखेचं वाचून अंगण दिसलं. लई बरं वाटलं."
सगळे भाऊच म्हणतात. कॉम्प्युटरचं लिहिणारा भाऊच असणार, असं धरून चालतात. मी दुरुस्त केलं नाही. बाई म्हटलं की प्रश्न बदलतात. आत्ता निदान पानाबद्दल विचारतात.

२१ जाने.
अप्पांना पान सापडलं. अप्पा म्हणजे क्लासचे मालक. खताचं दुकान पुढे, क्लास मागच्या खोलीत. पुतण्या बालाजीने दाखवलं. बालाजी क्लासचा "डायरेक्टर" आहे, पाटीवर तसं लिहिलंय. काम म्हणजे चाव्या सांभाळणं.
"हे आपल्या केजातनं निघतंय? शारजात वाचायलेत? पोरी, सांगितलं न्हाई की बे कुणी मला!" ("बे" बालाजीला होतं.)
मी म्हटलं, "माझं पान आहे अप्पा. कामाच्या वेळात करत नाही."
"आगं रागावतो का मी? आनंद झालाय मला."
अप्पांना आनंद झाला की सावध राहावं.

२४ जाने.
आनंदाचं कारण कळलं. महिनाअखेर साहेबांचा, म्हणजे तालुक्याच्या पुढाऱ्यांचा, वाढदिवस. तालुक्यातल्या शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायचं काम साहेबांच्या शब्दावर कुणाला तरी मिळणार आहे. चौकात कापडी फलक सगळेच लावतात. अप्पांना फलक इंटरनेटवर हवाय. माझ्या पानावर, सगळ्यात वर.
"नाही," मी म्हटलं.
"कावून न्हाई?"
"पान माझं आहे."
"लाइन कुणाची हाय?"
"तुमची."
"मशीन?"
"तुमचं."
"मग तुझं काय हाय त्यात?"
प्रश्न इतका मूर्ख असेल याची तयारी नव्हती. म्हटलं, "भाकरी कुणाची, अप्पा? चुलीची का थापणारीची?"
हसले. "साहेबांच्या पंगतीला वाढायची म्हणतो मी. भाकरी कुणाची हे खाणारा इचारत न्हाई."

२६ जाने., शनिवार
झेंडावंदन करून क्लासला आले. पान उघडलं. वर साहेबांचा फोटो, भोवती लुकलुकणारे तारे. खाली "वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा". त्याखाली अप्पा आणि बालाजी, गोल चौकटीत: शुभेच्छुक. बालाजीच्या फोटोखाली: "वेबसाइट निर्माता".
कुरकुर पूर्ण काढलेली. राख, वीज, सगळं. सही काढलेली.
आत कसे शिरले हे समजायला अवघड नव्हतं. केजात ज्याने ज्याने ई-मेल उघडला, तो आमच्या क्लासमध्ये उघडला, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच: क्लासचा फोन नंबर. लोक विसरतात, मग क्लासला फोन करून विचारतात, म्हणून ही पद्धत. तहसीलचे क्लार्क, कापडवाले, वकील, सगळ्यांच्या मेलला एकच कुलूप, आणि किल्ली पाटीवर रंगवलेली. पानाचा पासवर्ड मी वेगळा ठेवला होता. पण "पासवर्ड विसरलो" म्हटलं की तो क्लासच्या मेलवर येतो. बालाजीने म्हटलं असणार. त्याला येणारी ती एकच गोष्ट.
माझ्याकडे फ्लॉपीवर प्रत होती. दुपारी जुनं पान परत चढवलं. चारला पाहिलं तर तारे पुन्हा लुकलुकत होते.
बालाजी शेजारच्या खुर्चीवर. "मॅडम, कशाला तरास करून घेता? चांगलं दिसतंय की. तारे मी टाकले."
"तारे टेबलाच्या चौकटीबाहेर गेलेत."
"तारे बाहेरच असत्यात की."

२७ जाने.
अप्पा पप्पांच्या दुकानात जाऊन आले. भांड्यांचं दुकान आमचं. मी गल्ल्यामागे होते, मला ऐकू येईल अशाच आवाजात बोलले.
"पोरगी हुशार हाय तुमची, शंका न्हाई. पण इंटरनेटवर पोरीचं नाव कावून पायजे? तुमी स्थळं बघायलात. उद्या कुणी काय बी लिहील. बालाजीचं नाव हाय म्हंजी आपल्याच घरचं हाय. तिला सांभाळूनच केलं मी."
पप्पा तराजू पुसत होते. म्हणाले, "नाव नसलेलंच बरं."
अप्पा गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही पान बघितलंय का?"
"मला काय कळतंय त्यातलं."
"मग नाव नसलेलं बरं, हे कसं कळलं?"
पप्पा पातेल्यांची चळत लावू लागले. आई आतून: "वडलांना उलटं बोलू नको, शिवलीला."
प्रश्न विचारणं म्हणजे उलटं बोलणं. दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव हातभर अक्षरात आहे. ते कुणी सांभाळून काढलं नाही.

३० जाने.
वाढदिवस. मंडप मार्केट यार्डात. मला सकाळी निरोप: मॅडमनी नीट साडी नेसून यावं.
कशासाठी ते तिथे कळलं. सत्काराचं ताट धरायला. शाल, नारळ, हार. स्टेजवर शाळेच्या दोन मुली आणि मी, रांगेत.
स्पीकरवर माझी कॅसेट चालू होती. अ बाजू. बालाजीने क्लासच्या कपाटातून नेलेली. युसूफ वडगावच्या खड्ड्यांसाठी बसवलेली गझल साहेबांच्या हारतुऱ्यांवर वाजत होती.
निवेदक: "आपल्या तालुक्याची पहिली वेबसाइट घडवणारे तरुण..." आणि बालाजी उठला. शाल माझ्या हातातल्या ताटातून उचलून साहेबांनी बालाजीच्या खांद्यावर घातली. नारळही माझ्याच ताटातला.
साहेब माणूस विचारपूस करणारा. माझ्याकडे बघून म्हणाले, "या कोण?"
अप्पा: "आपल्या मॅडम. टायपिंग बघतात."
ताट रिकामं होतं. तरी मी ते सरळ धरून उभी राहिले. फोटो निघाला. फोटोत मी असेन, ताटासकट.
घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं. "छान," म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर भांडी फुटली असती, आणि आमची स्टीलची आहेत.

२ फेब्रु., शनिवार
नवं पान चढवलं नाही. पहिला चुकलेला शनिवार. गेस्टबुक वाचलं.
धारूरची मुलं: "शि. भाऊ, खेळ कुठे गेला? हे काका कोण?"
लातूरचा मेकॅनिक: "राखेचं काढलंत. फोन आला का कुणाचा?"
सुनंदाताई: "भाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. इथे आठ बायका मिळून तुमचं पान वाचतो. सगळ्यांना मी सांगितलं होतं, हा आपल्याकडचा माणूस खरं लिहितो. आता त्या हसतात मला. किती घेतले?"
किती घेतले.
शाल बालाजीला, शाळांचं काम अप्पांना मिळणार, आणि विकलं गेल्याचा आळ शि. वर. शि. कोण हेच कुणाला माहीत नाही, त्यामुळे शि. ला बोलताही येत नाही. आजवर ही एका अक्षराइतकी आडोशाची जागा मला सोयीची वाटायची. आता तिथे कुणीही उभं राहू शकतं, आणि राहिलंय.

५ फेब्रु.
अंबाजोगाईला गेले, एसटीडी बूथवाल्याने दोन मशीन टाकलीत तिथे. स्वतःचा मेल उघडला. पासवर्ड कुणाच्याही पाटीवर नाही. नव्या पानासाठी जागा घेतली.
येताना रशीदभाईंच्याच जीपमध्ये. माझीच कॅसेट. समोरचा एक प्रवासी म्हणाला, "भारी हाय टेप. त्या बालाजीची ना, सत्कार झालेल्या?"
रशीदभाई आरशात माझ्याकडे बघायला लागले. मी बोलेन म्हणून थांबले असावेत. मी खिडकीबाहेर बघितलं. ज्वारीत हुरड्याचा धूर होता.
उतरताना म्हणाले, "ताई, मी सांगणार होतो त्येला. पर तुमीच गप. मग मला वाटलं, कायतरी घरचं असंल."
घरचं. सगळ्यांना तसंच वाटत असणार.

७ फेब्रु.
अप्पांना सांगितलं, की मी दुसरं पान करते आहे, तुमच्या लाइनवरून नाही, आणि त्यात लिहिणार आहे की जुनं माझं होतं.
आधी हसले. मग हसू गेलं. "साहेबांनी स्टेजवर शाल घातली. आता तू म्हणतीस ते खोटं व्हतं? साहेब खोटे पडतील का मी?"
"बालाजी पडेल."
"तो माझा पुतण्या हाय!"
"म्हणून तर."
"पान चढवलंस तर क्लासची पायरी चढू नको."
ठीक आहे. माउसचे गोळे आता डायरेक्टर तपासतील.
बालाजी दारापर्यंत आला. हळूच: "मॅडम, एक इचारू? ते टेबलाच्या आत तारे कसे बसवायचे?"
मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

९ फेब्रु., शनिवार
सकाळी घरी सांगूनच निघाले. आई: "लिही बाई. पण आडनाव कशाला?"
पप्पा: "होणारे सोयरे वाचतील."
"त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, पप्पा."
"मुलाकडं असंल. पुण्यात कंपनीत हाय तो."
"मग वाचू दे की. तुम्हाला सांगायचा त्रास वाचेल."
अंबाजोगाईला दुपारपर्यंत बसले. एकदा वीज गेली, एकदा लाइन. पान चढलं. पहिली ओळ: "मी शिवलीला. भाऊ नाही. जुन्या पानावरचे तारे माझे नाहीत, आणि मी कुणाकडून काही घेतलेलं नाही." आडनाव लिहिलं, गाव लिहिलं, डिप्लोमा लिहिला. खाली राखेची कुरकुर जशीच्या तशी, त्यात आजच्या विजेची भर. मग सापडलेलं: बेडकांच्या आवाजांचं एक पान, प्रत्येक जातीचा वेगळा. मग ऊसवाहतुकीची ब बाजू.
जुन्या गेस्टबुकात नवा पत्ता टाकला. सुनंदाताईंच्या ओळीखाली. बालाजी पुसेपर्यंत राहील.
बसून वाट बघितली. कुणी काही लिहिलं नाही. शारजात त्या ड्यूटीवर असतील.
संध्याकाळी पप्पांनी जेवताना मध्येच विचारलं, "झालं?"
"हो."
त्यांनी भाकरी मोडली. "सोमवारी दुकान बंद असतं. अंबाजोगाईला येतो मी. दाखव."
बघून काय म्हणतील, माहीत नाही. ठेव म्हणतील, की तिथेच काढ म्हणतील. काढ म्हणाले तर काय करायचं, हे अजून ठरवलेलं नाही. आईने पुढचं वाढलं.
हात धुताना, पाठ माझ्याकडे करून: "नाव वर हाय का खाली?"
"वर," मी म्हटलं.