शांताच्या हातातला झाडू

वर्धा, सोमवार, १९५७

आज पुन्हा तो झाडू. डोक्यातून जातच नाही.

मी शिकवते त्या वस्तीतल्या शाळेत शेतकऱ्यांच्या, रेल्वेत कामाला असणाऱ्यांच्या, गेल्या वर्षी बौद्ध झालेल्यांच्या मुली एकाच तरटपट्टीवर बसतात. सकाळी मी पोचायच्या आत त्यांनी वर्ग झाडायचा, मग सूतकताई. पाळी प्रत्येकीची. मला या नियमाचा केवढा अभिमान! झाडू सगळ्यांच्या हाती, म्हणजे सगळ्या सारख्या.

आज शांताची आई जिनिंगच्या कारखान्यातून थेट शाळेत आली, केसांत कापूस तसाच. म्हणाली, "बाई, माह्या पोरीच्या हाती झाडू नका देऊ. सासूनं झाडलं, मी झाडलं. मंग आमी धर्म बदलला तो काऊन? तिले लिहू द्या."

मी समजावलं, इथे पाटलांची कुसुमही झाडते. शांताच्या आईनं विचारलं, "तुमी पाह्यलं काय?"

मी चिडले. पाहिलं म्हणजे काय? नियम आहे! ती निघून गेली.

शांताला सूट द्यावी का? मग उद्या प्रत्येकीची आई येईल. आणि नाही दिली तर?

कुसुमच्या पाळीला कधी तिचं डोकं दुखतं, कधी घरी पाहुणे येतात. ती उशिराच येते. वर्ग मात्र झाडलेला असतो.

मघापासून डोळे मिटून बसले आहे. झाडू घेतलेली कुसुम आठवू पाहते, आणि दर वेळी झाडू कोपऱ्यात ठेवणारी शांताच दिसते.