ताट गॅलरीत होतं

चाळीसगाव, रविवार

प्रिय ललिता,

अक्षर माझं आहे म्हणून फाडू नकोस. आधी कामाचं. माझ्या लेकाबरोबर, संघपालबरोबर, मलमाच्या ट्यूबा दिल्या आहेत. घरातल्या प्रत्येकाने, खाजत असो वा नसो, एकाच दिवशी झोपताना मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बोटांच्या बेचक्या, काखा, बेंबी, नखांखाली, काही सोडायचं नाही. सकाळी अंघोळ. अंगावरचे कपडे, अंथरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. आठवड्याने सगळं पुन्हा. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. किडे मेलेले असतात, कातडीचा राग उरतो. औषध वाया गेलं समजून रोज चोपडू नकोस.

पस्तीस वर्षं वर्गात मुलांची नखं तपासली मी. खरूज हा शब्द मला फक्त घाणेरड्या घरांसाठी माहीत होता. मैनाच्या बोटांत पुटकुळ्या दिसल्या तेव्हा तुम्हा दोघींना तुझ्या माहेरून येऊन आठच दिवस झाले होते. मी निकाल देऊन टाकला, 'तुमच्या पाड्यावरून आणलंस.' तू म्हणालीस, 'आई, तिकडे कुणालाच नाही.' मी ऐकलं नाही. तुझं ताट, तांब्या, अंथरूण गॅलरीत काढलं. शेजारच्या बेबाबाईने विचारलं, 'बाई, सूननं ताट बाहेर काबरं शे?' मी म्हटलं, काळजी घेतलेली बरी. माझ्या आईला गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो वळचणीला खोचलेल्या कपात. दर चौदा एप्रिलला भाषणात मी हे सांगते. तुझं ताट बाहेर ठेवताना तो कप मला आठवला नाही.

मग एका सकाळी मैनाने आपली छोटी थाळी उचलली आणि तुझ्या ताटाशेजारी नेऊन ठेवली. 'मला पण खाजतं ना, आजी.' त्याच दुपारी तू तिला घेऊन निघालीस. मी जिना उतरले नाही.

खाजत मलाही होतं. घामोळं म्हणून पावडर फासत होते, कुणाला सांगितलं नाही. झोप लागेनाशी झाली तेव्हा जळगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. भिंगातून मनगट पाहून त्या म्हणाल्या, 'मावशी, दीड-दोन महिन्यांपूर्वी कुणाजवळ झोपत होतात?' खरूज पहिल्यांदा झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. घाणीचा संबंध नाही. अंगाला अंग लागलं की पुरे.

तू माहेरी गेलीस त्याच्या कितीतरी आधी, बोदवडला माझ्या थोरल्या बहिणीच्या, द्रौपदाअक्काच्या, शेवटच्या महिन्यात, मी तिच्याच गोधडीत तिला कुशीत घेऊन झोपायचे. तीही सारखी खाजवायची. आम्ही समजलो, साखरेच्या दुखण्याने कातडी कोरडी पडली. ती गेली, मी घरी आले, रडू आवरेना म्हणून मैनाला महिनाभर जवळ घेऊन झोपले. अक्काकडून मला, माझ्याकडून मैनाला, मैनाकडून तुला. अशी ती आली.

हल्ली मी तुझ्याच ताटात जेवते. मैनाची थाळी अजून गॅलरीत आहे. ती मला उचलवत नाही.

तू परत येणार नाहीस, हे संघपालने स्पष्ट सांगितलं. ये म्हणायला हे पत्र नाही. त्यानेच काल सांगितलं की आता तिकडेही सगळ्यांना खाज सुटली आहे. 'सासरहून रोग घेऊन आली' म्हणत वहिनी तुला पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नाही, आणि मैना पुन्हा बाहेर जेवते. ते ऐकून मी लिहायला बसले. हे पत्र तुझ्या भावाला, लखनला, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांग. तो अडखळला तर पुढची ओळ दोनदा वाचून घे. ललिताने कुणालाही काही दिलं नाही. रोग माझ्या अंगावरून आला आणि मी त्याला तिचं नाव दिलं.

तुझीच,
कुंदा साळवे