आधी कंबर, मग मूठ

३ फेब्रुवारी १९५७

भामाताई उरणहून आली. पुढचे दात नाहीत! "विहिरीवर पडले," म्हणाली. ताईला खोटं बोलता येत नाही. काळूराम दाजींनीच मारलंय. आई म्हणते, "नवरा हाय तो तिचा. तू मधी पडू नको, जगन."

पडणार! आजपासून दाजी वगैरे काही नाही. त्या काळूरामचा जबडा मोडणार.

५ फेब्रुवारी

मी कामावर असताना आईनं ताईला परत पाठवलं. परत! त्याच घरात!

८ फेब्रुवारी

वखारवाल्या इलियासभाईंना गाठलं. आरमारात असताना बॉक्सिंग खेळायचे. म्हटलं, शिकवा. "कुणाला मारायचंय?" मी बाह्या सरसावल्या. त्यांनी तुसाची गोणी वाशाला टांगून दिली.

१४ फेब्रुवारी

मनगट सुजलंय. हुक म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारायचा ठोसा. मी जीव खाऊन हात फेकतो, गोणी जेमतेम हलते. "ही तर थप्पड झाली!" भाईंनी माझी कंबर दोन्ही हातांनी धरून गर्रकन वळवली. डावी टाच उचलून बाहेर फिरवायची. कंबर वळली की खांदा येतो, मूठ सगळ्यात शेवटी. माझी मूठच आधी धावते. काय करू — गोणीवर त्याचं तोंड दिसतं!

१५ फेब्रुवारी

पुन्हा थप्पडच.

१ मार्च

जमलं! कंबर सुटली आणि हात मागून आपोआप आला. आवाजच वेगळा! गोणी शिवणीवर उसवली, तूस अंगभर. भाई हसले नाहीत. "गुस्सा आला की कंबर विसरशील. हात आधी जाईल, बघ."

नाही जाणार. राग मी रोज थंड करून ठेवतोय.

११ मार्च

मारला! भर बाजारात, सुक्या मासळीच्या पाट्यांपाशी. मला बघून दात काढले त्यानं. "काय रं मेवण्या, भयनीला नवे दात घ्याया आलास काय?"

घाई केली नाही. टाच. कंबर. खांदा. मग मूठ. जबडा कट्‌कन वाजला. मासळीत लोळून रडला तो, लहान पोरासारखा! लोकांनी मला मागं ओढलं. आणखी हवं होतं मला. अजून हवंय.

१३ मार्च

ताई आली. कायमची. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढं झालो —

तिनं दचकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.