बोचक्याच्या तीन किल्ल्या

त्या सकाळी मी भांडी घासून परसात उपडी घातली होती, पाव घेऊन येणाऱ्या पदेराकडून पोयी घेतली होती आणि नारळ किसायला आदोळी पुढ्यात ओढली होती. एवढ्यात मेजावरचा संगणक टिणटिणला. पत्र आले की तो तसाच वाजतो. हात पुसून मी उठले. त्या पत्रामुळेच मी आज मृत्युपत्र लिहिते आहे, म्हणून आधी ते सांगितले. आता रीतीचे लिहिते.

मी, कमलाक्षी, कै. कृष्णनाथ वायंगणकर यांची पत्नी, राहणार मुळगाव, तालुका डिचोली, गोवा, वय एकाहत्तर, हे माझ्या बुद्धीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कोणाच्या भीतीने नव्हे. शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचन गावच्या वाचनालयाने शिकवले, आणि इंग्रजी नवऱ्याला येणाऱ्या पत्रांनी, शब्दकोश मांडीवर घेऊन.

कलम १. घर, भाट म्हणजे भोवतालची झाडांची बाग, आणि बँकेतली ठेव. गोव्याच्या कायद्याने निम्मे माझ्या मुलीचे, गौरवीचे, आहेच. ते मलाही काढून घेता येत नाही. माझ्या मर्जीचे निम्मेही मी तिलाच देते. भाटातला मानकुराद आंबा तोडू नये. तो तिच्या बाबांनी लावला आहे.

कलम २. दीर जयराम यांना माझ्या नवऱ्याची आरामखुर्ची द्यावी. आमच्याच बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, बसून ते म्हणाले होते, "काम करून पैसे न घेणारा एक तर साधू नाहीतर पिसो." माझा नवरा म्हणाला, "साधू दाढी करीत नाही भाऊ, म्हणजे मी पिसोच." भावोजी हसले, मी हसले नाही. पिसो कुठे बसून काम करीत होता ते त्यांनी बसून पाहावे.

कलम ३. हे काम काय ते लिहिणे भाग आहे. सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाच्या ट्रकांचे वजन होई, तिथल्या संगणकावर माझे यजमान होते. खाण बंद पडली, ते घरी बसले आणि त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. मोठी फाईल तो आवळून लहान करतो आणि उघडली की जशीच्या तशी परत देतो. नाव ठेवले 'बोचके'. फुकट आणि उघडे, म्हणजे आत काय लिहिले आहे ते कोणीही वाचावे, सुधारून पाठवावे. ते इतके पसरले की आज इस्पितळांचे, बँकांचे, विमानतळांचे संगणक ते वापरतात आणि वापरतो हे त्यांनाच माहीत नसते. बोचक्याला भोक पडले तर चोर त्या सगळ्यांच्या घरात शिरतो.

नवी आवृत्ती सोडायची तर एक किल्ली संगणकाला लावून मंजुरी द्यावी लागते. ती बोटभर लांबीची आहे आणि मी ती तांदळाच्या पिंपात ठेवते. शेवटच्या आजारात त्यांनी ती माझ्या हातात दिली. "मी बरा होईपर्यंत सांभाळ," म्हणाले. मी अजून सांभाळते आहे.

ते गेल्यावर कामाला दोघे उरले. एक कोल्हापूरचा अविनाश. त्याचे पत्र आले की यजमानांचे जेवण जायचे: "तुमच्या कोडमध्ये भोक आहे, इतके दिवस झोपला होता काय?" दुसरा, स्वतःला डॅनियल म्हणवणारा. तो गोड. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग काम. पुढे पुढे अनोळखी लोकांची पत्रे येऊ लागली, "म्हातारीने वाट अडवली आहे, किल्ली डॅनियलला द्या." गौरवीसुद्धा फोनवर म्हणाली, "आई, दी गो त्याला. तू आणि किती दिवस हे बघणार?"

त्या सकाळचे पत्र डॅनियलचेच होते. नवी आवृत्ती तयार आहे, आजच मंजुरी द्या, बाकी सगळे झाले आहे. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणी तपासले?" त्याने लगेच लिहिले, "मीच. निश्चिंत असा."

माझे माहेर पेडण्याकडचे, खाजनातले, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या शेतांतले. बाबा बांधाचे राखणदार. खेकडे बांधाला भोके पाडतात, भरतीच्या आधी ती चिखलाने बुजवावी लागतात. आमच्याकडे रीत अशी की बुजवले त्याने तपासायचे नाही. दुसऱ्याने येऊन त्यात वेळू खुपसून पाहायचा. एकदा बाबांनी बुजवलेल्या भोकात शेजाऱ्याने वेळू घातला तर मी रागावले. बाबा म्हणाले, "अगो, तो माझा अपमान करीत नाही, माझे शेत राखतो."

मी किल्ली पिंपातच ठेवली आणि सोनमला हाक मारली. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, बेळगावकडून खाणीच्या ट्रकवर कामाला आलेल्या भैरूची ही मुलगी. संगणक ती माझ्या यजमानांपाशी बसून शिकली, आता पर्वरीला नोकरी करते.

"काकू, मंजुरी दिली नाही न्हवं?"

"नाही गो. आधी वेळू घाल."

तिने अविनाशला फोन लावला आणि दोघे वाचत बसले. मी नारळ पुरा केला, माशांचे हुमण केले, ते निवले. मग सोनमने खुर्ची मागे सारली. तपासणीसाठी म्हणून ठेवलेल्या नमुन्याच्या फायलींत डॅनियलने काही दडवले होते. प्रोग्राम बांधताना ते आपोआप आत बसणार, आणि मग जगभरच्या संगणकांत त्याला हवे तेव्हा शिरता येणार.

"भोक कसलं काकू," अविनाश फोनवर ओरडत होता, "दार बसवलंय दार, बिजागरीसकट. किल्ली लावली असती तर उघडलंच होतं."

लग्नाच्या वरातीतही मला इतका आनंद झाला नव्हता. आम्ही तिघांनी मिळून सगळ्यांना कळवले. डॅनियल गप्प झाला. मला म्हातारी म्हणणारे सगळेही त्याच दिवशी गप्प झाले. तेव्हा कळले, ते सगळे त्याचेच होते.

कलम ४. बोचके माझ्या मालकीचे नाही, कोणाच्याच नाही. म्हणून ते मला देता येत नाही, फक्त त्याची राखण देता येते. सोनमने तीन नव्या किल्ल्या केल्या आहेत. दोन लागल्याशिवाय मंजुरी मिळत नाही आणि ज्याने काम केले त्याची किल्ली त्या कामाला चालत नाही. माझ्या मागे एक सोनमला, एक अविनाशला. अविनाशने लोकांना पत्रे लिहिण्यापूर्वी जेवून घ्यावे. तिसरी गौरवीला. तिला प्रोग्राम कळत नाही, पण "कोणी तपासले?" एवढे तिला विचारता येईल. हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे.

कलम ५. माझ्या बाराव्याला पानात हुमण चालत नाही हे मला ठाऊक आहे. तेराव्याला करावे.

हे मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले व सही केली. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही.

ठिकाण: मुळगाव, डिचोली
दिनांक: १० ऑगस्ट २०२३

(सही) कमलाक्षी कृष्णनाथ वायंगणकर

साक्षीदार:
(सही) सत्यवती, वाचनालयाच्या ग्रंथपाल, मुळगाव
(सही) रामचंद्र, निवृत्त पोस्टमन, मुळगाव

मागाहून, माझ्याच हाताने: कलम ४ साठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण मला रात्रभर सापडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक किल्ली सोनमच्या हातावर ठेवली, एक अविनाशला रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि तिसरी पदराच्या गाठीला बांधून नारळ किसायला बसले.